आवरतं घ्या

तौलनिक साहित्यात एम.ए. करताना आम्ही कादंबऱ्यांची तुलना केली, महाकाव्यांची केली, एकाच नाटकाचे चार भाषांतले चार अवतार शेजारी ठेवून वाचले. पुढे पोटासाठी मी अनुवादक झाले. गेल्या वीस वर्षांत माझ्या हातून सगळ्यात जास्त मजकूर गेला तो औषधांच्या खोक्यातल्या बारीक घड्यांच्या कागदांचा, विम्याच्या अर्जांचा आणि सॉफ्टवेअरच्या सूचनांचा. बंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी अनुवादकाकडे बहुतेक हेच काम येतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कवितेत शब्द अडवतात तसे इथेही अडवतात. फरक इतकाच की इथे दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल द्यायची असते.

गेल्या वर्षी आलेलं काम भारचाचणीच्या सॉफ्टवेअरवरच्या एका मार्गदर्शिकेचं होतं. मराठी माध्यमात शिकून तंत्रनिकेतनात आलेल्या मुलांसाठी ती मराठीत आणायची होती. भारचाचणी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला लाखो घरांतून एकच संकेतस्थळ उघडलं जातं. तात्काळ तिकिटांसाठी सकाळी दहाला आणि अकराला रेल्वेच्या संकेतस्थळावर असाच लोंढा येतो. खरी गर्दी येण्याआधी खोटी गर्दी पाठवून पाहायची, संकेतस्थळ किती माणसं झेलतं आणि कुठे मोडतं ते मोजायचं, याला भारचाचणी म्हणतात. ती करणाऱ्या एका प्रसिद्ध साधनाचं नाव 'लोकस्ट', म्हणजे टोळ. खोटे वापरकर्ते टोळधाडीसारखे सोडायचे, ही त्यामागची कल्पना.

एका प्रोसेसकडून एवढी धाड निघत नाही. लोकस्ट पायथन भाषेत लिहिलेलं आहे, आणि पायथनची एक प्रोसेस साधारणपणे संगणकाच्या एकाच गाभ्याचा पुरता उपयोग करून घेते. म्हणून एक मुख्य प्रोसेस आणि तिच्या हाताखाली अनेक वर्कर, अशी मांडणी असते. प्रत्येक वर्कर शेकडो-हजारो खोटी माणसं सांभाळतो आणि दर तीनेक सेकंदांनी मुख्य प्रोसेसला हिशेब पाठवतो: किती विनंत्या गेल्या, किती उत्तरं आली, किती वेळ लागला. या वर्करला पूर्वी इंग्रजीत 'स्लेव्ह', म्हणजे गुलाम म्हणत. 2020 च्या सुमारास तो शब्द बदलला. मराठीत मी आधी 'कामगार' लिहिलं, मग खोडलं. मधमाश्यांच्या पोळ्यात 'कामकरी' माशी असते, तो शब्द टोळांच्या शेजारी जास्त शोभला. 'कामकरी प्रोसेस' असं ठरवलं आणि पुढे गेले.

सुरू करण्याचे शब्द सोपे होते. सोडा, वाढवा, चालू करा. अडले ते थांबवण्याच्या प्रकरणाशी.

जेमीटर नावाचं आणखी एक जुनं साधन आहे. त्याच्या मेनूत थांबवण्याच्या दोन ओळी आहेत, 'स्टॉप' आणि 'शटडाउन'. पहिली दाबली की चालू असलेलं काम शक्य तिथे लगेच तोडलं जातं. दुसरी दाबली की प्रत्येकाला सांगितलं जातं, हातात आहे ते पुरं करा आणि मग थांबा. आणि सगळे थांबेपर्यंत पडद्यावरची ती छोटी खिडकी हटत नाही. इंग्रजीतले हे दोन शब्द ऐकून कोणता कडक आणि कोणता मऊ, हे कुणाला कळणार? यंत्रानुवादाने दोन्हींना 'बंद करा' म्हटलं होतं. शेजारी 'ग्रेसफुल शटडाउन'साठी 'डौलदार समाप्ती' होती. डौलदार! जणू प्रोसेस पदर सावरून रंगमंचावरून जाणार.

दोन दिवस मी त्या दोन ओळींपाशी थांबले. मग एका संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या व्याख्यानाला गेले. वक्ते रंगात आले होते, वेळ उलटून गेली होती, आणि संयोजकांनी नेहमीप्रमाणे एक चिठ्ठी पुढे सरकवली. त्या चिठ्ठीवर काय लिहिलेलं असतं ते आपल्याला न वाचता माहीत असतं: आवरतं घ्या.

'थांबा' आणि 'आवरतं घ्या' यांत मोठं अंतर आहे. 'थांबा' म्हणणाऱ्याला समोरच्याच्या हातात काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. 'आवरतं घ्या' म्हणणारा गृहीत धरतो की तुमचं एक वाक्य अर्धं आहे, एक मुद्दा मांडायचा राहिलाय, आभारही मानायचे आहेत. ते करा, पण नवीन काही काढू नका. संगणकाच्या भाषेत स्वच्छ थांबण्याची व्याख्या अक्षरशः हीच आहे. नवी विनंती पाठवायची नाही, पाठवलेलीचं उत्तर येऊ द्यायचं, उघडलेली जोडणी मिटवायची, शेवटचा हिशेब मुख्य प्रोसेसला द्यायचा आणि मगच जायचं. लोकस्टमध्ये प्रत्येक खोट्या वापरकर्त्याला जाताना करायची कामं लिहून ठेवण्यासाठी वेगळी जागाच दिलेली असते. आत येताना लॉगइन केलं असेल तर जाताना लॉगआउट कर. टोपलीत वस्तू टाकली असेल तर काढ.

हे न करता वर्कर मधूनच तोडले तर काय बिघडतं, यावर मार्गदर्शिकेत एकच परिच्छेद होता. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण त्यात शिष्टाचाराचा भाग कमी आणि खऱ्याखोट्याचा जास्त होता.

समजा, थांबवण्याच्या क्षणी शंभर विनंत्या निघालेल्या आहेत. नव्वदांना उत्तर एका सेकंदात मिळतं आणि दहांना चाळीस सेकंद लागतात. सगळ्यांना पुरं होऊ दिलं, तर सरासरी येते 4.9 सेकंद. तिसाव्या सेकंदाला दोर कापला, तर ती दहा उत्तरं येतच नाहीत, आणि पुऱ्या झालेल्या नव्वदांची सरासरी येते एक सेकंद. अहवाल म्हणेल, संकेतस्थळ झकास चालतंय. मधूनच तोडण्यात कुणीही गळू शकतं असं नाही. जे सगळ्यात जास्त ताटकळले तेच गळतात, कारण तोडण्याच्या क्षणी हातात असण्याची शक्यता त्यांचीच सगळ्यात जास्त. म्हणजे ज्यांच्यासाठी चाचणी केली, नेमके तेच मोजणीबाहेर जातात. शिवाय चाचणी झालेल्या संकेतस्थळावर अर्धवट नोंदवलेल्या ऑर्डरी, न मिटलेल्या जोडण्या आणि कुणाच्याही नसलेल्या टोपल्या मागे राहतात, ते वेगळंच.

लोकस्टमध्ये या सवडीसाठी सेकंदांचा आकडा आपण द्यायचा असतो. दिला नाही, तर ताबडतोब तोडणं हाच नेम आहे. हे वाक्य मराठीत करताना माझा हात थोडा थबकला. सवड आपोआप मिळत नाही, मागून घ्यावी लागते, असं ते वाक्य सांगत होतं.

हात थबकायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या बहुभाषी प्रकल्पावर होते. आम्ही आठ भाषांचे अनुवादक एकाच सामाईक प्रणालीत काम करत होतो. आरोग्यविषयक माहिती खेडोपाडी पोचवायची होती, आणि आमच्यात एक चांगली रीत पडली होती: जो शब्द कुणालाच सुटत नाही तो 'विचाराधीन' या रकान्यात टाकायचा आणि सगळ्यांनी मिळून त्यावर बोलायचं. बंगाली सहकारी सगळ्यात चिवट. 'अशक्तपणा' आणि 'थकवा' यांमधल्या एका छटेवर तिने तीन आठवडे काढले होते, आजीला फोन करून, गावच्या दाईला विचारून. कन्नड सहकारी दर शुक्रवारी त्या रकान्याची छापील प्रत काढून घरी न्यायचा. माझेही त्यात चाळीसेक शब्द होते. पाळीशी, बाळंतपणाशी आणि मनाच्या आजारांशी संबंधित. अशाच शब्दांना वेळ लागतो.

एका मंगळवारी दुपारी प्रणालीने आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा आत जाऊ दिलं नाही. तासाभराने ईमेल आलं की प्रकल्प संपलेला आहे, सहकार्याबद्दल आभार. पैसे मिळाले, 'मंजूर' झालेल्या ओळींचे, ठरल्याप्रमाणे. त्याबाबत कुणी बुडवलं नाही. पण 'विचाराधीन' रकाना मंजूर नव्हता, म्हणून तो कुठेच गेला नाही. पुढे त्या प्रकल्पाचा अहवाल माझ्या पाहण्यात आला. त्यात दर शब्दामागे लागलेला सरासरी वेळ दिला होता आणि तो कौतुकास्पदरीत्या कमी होता. असणारच. ज्यांना वेळ लागला ते शब्द त्यात नव्हतेच.

त्या वेळी मला फक्त राग आला होता. काय गमावलं, ते नेमक्या शब्दांत सांगता आलं नव्हतं. ती नेमकी भाषा मला भारचाचणीच्या मार्गदर्शिकेत सापडली, हे थोडं विचित्र आहे, पण खरं आहे.

आणखी एक गोष्ट तिथेच उलगडली. युनिक्स घराण्यातल्या संगणकांवर प्रोसेस थांबवण्याची जी आज्ञा आहे तिचं नाव 'किल'. नवख्याला वाटतं ती मारते. प्रत्यक्षात ती फक्त एक संकेत पाठवते. कोणता, ते सांगितलं नाही तर पंधरा क्रमांकाचा, ज्याचा अर्थ 'आता संपव'. तो मिळालेली प्रोसेस स्वतःची आवराआवर करू शकते. नऊ क्रमांकाचा संकेत वेगळा. तो प्रोसेसला ऐकूच येत नाही. प्रणाली तिला जागच्या जागी पुसून टाकते. पंधरा म्हणजे चिठ्ठी, नऊ म्हणजे माइकची वायर ओढणं.

'किल'ला 'मारा' म्हणणं म्हणूनच चूक. मी मराठीत 'निरोप' लिहिलं. मराठीत निरोप म्हणजे सांगावा आणि निरोप म्हणजे पाठवणीही. एकाच शब्दात कळवणं आणि सोडून देणं दोन्ही असावं, असा शब्द माझ्या माहितीतल्या दुसऱ्या भाषेत मला आठवला नाही. निरोप पाठवावा लागतो, पोचावा लागतो, आणि मग घ्यावा लागतो.

पोचावा लागतो, हेही तितकंच महत्त्वाचं. आजकाल वर्कर बहुधा कंटेनर नावाच्या बंदिस्त खोलीत चालवले जातात. त्या खोलीतली पहिली प्रोसेस एखादं साधं शेल असेल, तर बाहेरून आलेला 'आवरतं घ्या' तिच्यापाशीच अडकतो. ती तो आतल्या वर्करपर्यंत पोचवत नाही. डॉकर नेमाने दहा सेकंद थांबतो, काही हालचाल नाही असं पाहतो आणि नऊ क्रमांक वापरतो. बाहेरच्याला वाटतं, सवड दिली होती. आतल्याला काहीच कळलेलं नसतं. आमच्या प्रकल्पाचंही असंच झालं होतं. काम बंद करण्याची सूचना दहा दिवस आधी आली होती, मधल्या एका टेबलावर. ते टेबल काही वाईट माणसाचं नव्हतं. आलेला निरोप पुढे सांगणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत लिहिलेलं नव्हतं, एवढंच. मार्गदर्शिकेत यावरचा उपाय एका ओळीचा आहे: दाराशी अशी प्रोसेस बसवा, जी आलेले संकेत आत पोचवते.

मग 'झोंबी' आली. आई-प्रोसेस लेक-प्रोसेसला जन्म देते. लेक संपली की आईने तिची विचारपूस करायची असते: कशी संपलीस, सुखाने की अपघाताने? हे विचारलं की लेकीची नोंद मिटते. आईने विचारलंच नाही तर लेक मेलेली असते, तिला कसलीही स्मृती उरलेली नसते, पण यादीत तिचं नाव तसंच राहतं. इंग्रजीत तिला म्हणतात झोंबी. मराठी वाचकाला या शब्दावर आनंद यादव आठवतात, 1987 साली आलेली त्यांची 'झोंबी' आठवते, आणि झोंबी म्हणजे झटापट हा अस्सल अर्थ आठवतो. प्रोसेसचं वर्णन वाचून त्याला वाटेल, ही बाई कुणाशी तरी झुंजतेय. ती बिचारी तर झुंजून मोकळी झालेली असते. माझ्या मनात आलेला शब्द होता 'दिवस न घातलेली'. आपल्याकडे मेलेल्याचे दिवस घातले नाहीत तर तो घुटमळत राहतो, असं मानतात. अभियांत्रिकीच्या पुस्तकात तो छापता येणार नव्हता. 'नोंद-शिल्लक प्रोसेस' यावर भागवलं आणि कंसाशिवाय एक वाक्य जोडलं की हिची विचारपूस राहिलेली आहे. आणि जिची आईच आधी गेली, त्या अनाथ प्रोसेसला प्रणालीतली एक क्रमांकाची प्रोसेस दत्तक घेते आणि तिची विचारपूस करते. एवढी तरतूद या कोरड्या यंत्रणेत कुणीतरी करून ठेवली आहे, याचं मला बरं वाटलं.

आपल्या भाषांना शेवटाचं नाव घ्यायला आवडत नाही, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मराठीत बांगडी फुटत नाही, वाढते, नारळही वाढवतात. हिंदीत दुकान आणि दिवा 'बढ़ाते' हैं. बंगाली घरात तांदूळ संपले तर ते 'बाडन्त' असतात. निघताना आपण 'येतो' म्हणतो, बंगाली 'आशि' म्हणतात, कन्नडमध्ये 'होगि बर्तीनि', तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन्', जाऊन येतो. सहकाऱ्यांशी बोलताना मला आधी मोह पडला तो याच शब्दांचा. कामकरी प्रोसेस 'वाढवावी', काय हरकत आहे?

हरकत अशी की हे शब्द शेवट झाकतात. यंत्राला शेवट झाकून चालत नाही. जाणारी प्रोसेस एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे सगळं ठीक संपलं. शेलमध्ये 143 दिसला तर पंधरा क्रमांकाने गेली, 137 दिसला तर नऊने. तो आकडा वाचणाऱ्याला खरं कळलं पाहिजे. त्यापेक्षा मला गणपतीच्या उत्तरपूजेची रीत जवळची वाटली. विसर्जनाआधी उत्तरपूजा होते, मग मूर्ती जागेवरून किंचित हलवतात, हातावर दही ठेवतात, आणि त्यानंतरच उचलतात. यात कुणी असं भासवत नाही की गणपती जाणार नाहीत. जाणार आहेत म्हणूनच ही पायरी आहे.

सवडीलाही मर्यादा हवी, हे मान्य. काही प्रोसेस अडकून पडतात, कुणाचंच ऐकत नाहीत, आणि त्यांच्यासाठी नऊ क्रमांक ठेवावाच लागतो. चाचणी कायमची चालू ठेवता येत नाही. जिथे चाचणी चालते त्या यंत्रांचं भाडं चढत असतं. म्हणून प्रत्येक साधन एक मुदत ठरवतं. के-सिक्स नावाचं साधन नेमाने तीस सेकंद देतं. कुबर्नेटीसही तीस. मुदत संपली की मग तोडणं. यात मला अन्याय दिसत नाही. आधी निरोप, मग मोजलेली सवड, मग गरज पडली तर जोर, हा क्रम महत्त्वाचा. क्रम उलटा झाला की अहवाल खोटा होतो.

मी मेनूतल्या दोन ओळी 'लगेच थांबवा' आणि 'आवरतं घ्या' अशा लिहून पाठवल्या. वाटलं होतं, तपासणारा अभियंता दुसरी ओळ घरगुती म्हणून खोडेल. त्याने खोडली नाही. समासात फक्त दोन शब्द लिहिले: 'किती वेळ?'

प्रश्न बरोबर होता. व्याख्यानाच्या चिठ्ठीवर मिनिटं लिहिलेली नसतात. वक्ता आणि संयोजक एकमेकांची भीड ओळखून असतात. यंत्राची भीड नसते, तिथे आकडा लिहावाच लागतो. मी ओळीखाली सूचना जोडली, की यासोबत सेकंदांची मुदत द्यावी. न दिल्यास काम मधूनच तुटेल आणि सर्वाधिक वेळ घेणाऱ्या विनंत्या अहवालात दिसणार नाहीत.

तेव्हापासून नव्या कामाच्या करारात मीही एक कलम घालायला सांगते. काम मध्येच थांबवायचं झाल्यास थेट अनुवादकाला कळवावं, हातातलं पुरं करायला सात दिवस द्यावेत, आणि जे अपुरं राहील त्याची यादी सोपवून घ्यावी. मंजूर नसलं तरी ते गृहीत धरावं. काही ठिकाणी हे मान्य होतं. काही ठिकाणी उत्तर येतं की असं कलम आमच्याकडे नाही, आणि मग मी बंगाली सहकारीला फोन करते, कारण 'अशक्तपणा' आणि 'थकवा' यांच्या मधला तिचा शब्द तिने वहीत उतरवून ठेवला होता, आणि आम्ही दोघी फावल्या वेळात तो रकाना पुन्हा भरतो आहोत. आतापर्यंत माझे चाळीसपैकी सतरा झालेत.